साठ टक्के, पण कशाचे?

वंध्यत्व केंद्राच्या जाहिरातीत बाळाच्या फोटोखाली एक आकडा हमखास असतो. ६० टक्के यश, ६५ टक्के यश. तो खोटा असतो असं नाही, बहुतेकदा खराच असतो. फक्त तो कशाने भागून काढला ते लिहिलेलं नसतं, आणि आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारात) सगळी गोम त्या छेदात असते.

समजण्यापुरते आकडे धरू, हे कुठल्या केंद्राचे नव्हेत. वर्षभरात १०० जणींनी इंजेक्शनं सुरू केली. आठ जणींची स्त्रीबीजं वाढलीच नाहीत, सायकल, म्हणजे उपचाराची ती फेरी, रद्द. ९२ जणींचं पिकअप झालं, म्हणजे बीजं बाहेर काढली. त्यातल्या बारा जणींचं एकही भ्रूण ट्रान्सफरपर्यंत, म्हणजे गर्भाशयात सोडेपर्यंत, टिकलं नाही. ८० जणींचं ट्रान्सफर झालं. ४८ जणींची बीटा (गर्भधारणेची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आली, ४० जणींच्या सोनोग्राफीत ठोके दिसले आणि ३४ जणी बाळ घेऊन घरी गेल्या. आता ४८ ला ८० ने भागा, ६० टक्के. ३४ ला १०० ने भागा, ३४ टक्के. लॅब तीच, वर्ष तेच, बायकाही त्याच. फलकावर यातला कुठला आकडा जाईल हे सांगायला नको.

म्हणून पहिल्या भेटीत विचारायचं ते असं. तुमचे टक्के सुरू केलेल्या सायकलमागे की ट्रान्सफरमागे? बीटाचे की जिवंत बाळाचे? माझ्या वयाच्या बायकांचे किती? दात्याच्या बीजांच्या सायकली यात मिसळल्यात का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. दात्री तरुण असते, त्यामुळे तिच्या बीजांनी चाळिशीच्या बाईलाही चांगला निकाल मिळतो, आणि त्या सायकली आत घातल्या की सरासरी फुगते. सगळ्यात प्रामाणिक आकडा म्हणजे एका पिकअपमधून मिळालेली सगळी भ्रूणं, ताजी आणि गोठवलेली, वापरून झाल्यावर किती जणींना बाळ झालं. तो ज्याच्याकडे तयार असेल त्या केंद्राने हिशेब ठेवला आहे एवढं तरी कळतं.

वयाचा फरक किती मोठा, ते ब्रिटनच्या आकड्यांवरून समजतं. तिथली नियामक संस्था १९९१ पासून प्रत्येक सायकलची नोंद घेते. आत सोडलेल्या एका भ्रूणामागे जिवंत बाळाचं प्रमाण पस्तिशीच्या आतल्या बाईला साधारण तिनात एक, आणि ४३-४४ व्या वर्षी स्वतःच्या बीजांनी साधारण विसात एक. अमेरिकेत १९९२ च्या कायद्यामुळे केंद्रनिहाय आकडे सरकार छापत आलं आहे. आपल्याकडे तसं काही लोकांसमोर येत नाही. त्यामुळे रुग्णाला स्वतःची फाईल वाचता येणं इथे जास्त गरजेचं.

फाईलमधला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे भ्रूणतज्ज्ञाचा तक्ता. मागितल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी तो हातात मिळत नाही. त्यात साधारण असं असतं: ओपीयू १४, एमटू ११, टूपीएन ८, ब्लास्टोसिस्ट ४. म्हणजे चौदा बीजं निघाली, अकरा पक्व होती, आठ शुक्राणूशी मिळून फळली आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत चार तगली. ही गळती नेहमीचीच आहे. निघालेल्या बीजांपैकी साधारण ८० टक्के पक्व असतात, पक्व बीजांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास फळतात आणि फळलेल्यांपैकी निम्मी किंवा थोडी कमी ब्लास्टोसिस्ट होतात. चौदाची चार झाली म्हणजे लॅबने दहा वाया घालवली असं होत नाही.

गळती कुठे झाली ते पाहायचं. सोनोग्राफीत चौदा फॉलिकल (बीज वाढतं त्या पिशव्या) दिसली आणि बीजं पाचच निघाली, तर ट्रिगरची (बीजं पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनची) वेळ, त्याचा डोस किंवा तो नीट टोचला गेला का, ते आधी तपासतात. बीजं निघाली पण निम्मी कच्ची, तर ट्रिगर लवकर दिला गेला का हा प्रश्न. पक्व होती पण फळलीच नाहीत, तर शुक्राणू, बीजाचा दर्जा किंवा इक्सीची (एकेक शुक्राणू बीजात टोचण्याची) प्रक्रिया. तिसऱ्या दिवसापर्यंत छान आणि मग थबकली, तर गोष्ट वेगळी. पहिले तीन दिवस भ्रूण बीजातल्या शिदोरीवर वाढतं, त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात ती त्यानंतर. तिथे अडलं की शुक्राणूंच्या डीएनएकडे संशय जातो, अर्थात बीजाचा दोषही असू शकतो. सगळ्याच रुग्णांची भ्रूणं एकाच आठवड्यात थबकली असतील तर मात्र लॅबकडे बघायचं: इन्क्युबेटरचं ३७ अंश तापमान, ५ ते ६ टक्के कार्बन डायऑक्साइड, शेजारी चाललेलं रंगकाम. ताज्या रंगाचा वास भ्रूणांना मानवत नाही. पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरणाऱ्या आपल्या हवेत एअर फिल्टर कधी बदलला, हा प्रश्न वाटतो तितका आगाऊ नाही.

भ्रूणापुढे '४एए', '३बीबी' असं लिहितात. आकडा ते किती फुगलं आहे याचा. पहिलं अक्षर ज्यातून बाळ होतं त्या पेशींचं, दुसरं ज्यातून वार होते त्या पेशींचं. हे सगळं डोळ्यांनी पाहून दिलेलं, गुणसूत्रं यात दिसत नाहीत. ४एए रुजलं नाही आणि ३बीबीचं बाळ शाळेत जातंय, हे रोज घडतं.

आता घरातली बाजू. इंजेक्शनं पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आठ ते बारा दिवस, डोस बहुधा १५० ते ३०० युनिट, आणि दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. गोव्यात काणकोणहून बांबोळीला किंवा पेडण्याहून मडगावला हे हेलपाटे घालायचे तर रजेचा हिशेब आधी करावा लागतो. मधल्या सोनोग्राफी जवळच्या सोनोलॉजिस्टकडे करून आकडे पाठवले तर चालेल का, हे केंद्राला सुरुवातीलाच विचारा. काही जण हो म्हणतात, काहींना मोजणारा हात एकच हवा असतो. दोन्हींत तथ्य आहे.

बऱ्याच इंजेक्शनांच्या खोक्यावर २ ते ८ अंश लिहिलेलं असतं. काहींवर २५ अंशांखाली ठरावीक दिवस बाहेर चालेल असं असतं, पण मे महिन्यात गोव्यातली खोली रात्रीसुद्धा २५ पर्यंत उतरत नाही. तेव्हा फ्रिजच. फ्रीझरच्या खणाला टेकवून ठेवू नका, गोठलेलं इंजेक्शन तितकंच निकामी. पावसात लाईट गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, चार तास निभावतात. प्रवासात बर्फाचे पॅक फडक्यात गुंडाळून थर्मासमध्ये, औषध बर्फाला थेट लागता कामा नये.

आणि ट्रिगर. बारा दिवसांची मेहनत या एका सुईवर असते. तीनेक फॉलिकल १७-१८ मिलिमीटरची झाली की ट्रिगर देतात आणि त्यानंतर साधारण ३५ ते ३६ तासांनी पिकअप. सोमवारी रात्री १० ला टोचलं तर बुधवारी सकाळी ९ ते १०. उशीर झाला तर बीजं आपोआप सुटून जातात, घाई झाली तर कच्ची निघतात. इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. भुकटीची बाटली आणि पाण्याची बाटली वेगळी असते, आणि गडबडीत नुसतं पाणी टोचलं जातं. हा विनोद नाही, पिकअपला बीज न मिळण्याचं हे जुनं कारण आहे. दुसरी चूक तारखेची: 'उद्या रात्री' हा निरोप फोनवर 'आज रात्री' ऐकू येतो. वेळ तारीख-वारासह लिहून मागा. ट्रिगर एचसीजीचा (गर्भधारणेची चाचणी जे संप्रेरक शोधते त्याचा) असेल तर दुसऱ्या दिवशी रक्तात तो दिसायलाच हवा, शंका असेल तर तपासून घ्या. आणि वेळ चुकली तर तासाभरात फोन करा, पिकअप पुढे सरकवता येतं. रागावतील म्हणून लपवलं तर मात्र कुणाच्याच हातात काही राहत नाही. हाच एचसीजी दहा ते चौदा दिवस अंगात रेंगाळतो, म्हणून लवकर केलेल्या घरगुती चाचणीवरच्या दोन रेघांवर पेढे वाटू नयेत.

बीजकोष जास्त पेटले तर ओएचएसएस होतं, म्हणजे बीजकोष सुजून पोटात पाणी साठतं. पीसीओएस (बीजकोषांचा हार्मोनचा विकार) असलेल्या, वीस-पंचवीस फॉलिकल आलेल्या बायकांना धोका जास्त. अशा वेळी एचसीजीऐवजी दुसऱ्या प्रकारचा ट्रिगर देऊन सगळी भ्रूणं गोठवणं हा आजचा शहाणा मार्ग आहे. 'ताजं ट्रान्सफर का नाही' म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. पोट तट्ट फुगणं, दिवसात किलोभर वजन वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन.

ट्रान्सफरला 'दोन ठेवा डॉक्टर, एकदाच दोन होऊन जाऊदेत' हा आग्रह घरूनच होतो, विशेषतः सासरकडून. दोन ठेवल्याने शक्यता दुप्पट होत नाही, जुळ्यांची मात्र भरपूर वाढते. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. त्यांचे नवजात अतिदक्षता विभागातले दिवस जाहिरातीतल्या टक्क्यात धरले जात नाहीत, तिथे जुळी म्हणजे यशच. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात आयव्हीएफच्या चार बाळंतपणांत एकाहून जास्त जुळी-तिळी असायची, आता ५ टक्क्यांच्या आत आहेत. एकेक भ्रूण सोडायचं धोरण लावून धरलं म्हणून. आपल्याकडे सरोगसीच्या २०२२ च्या नियमांतही एका वेळी एकच भ्रूण, खास परिस्थितीत तीनपर्यंत, असं लिहिलं आहे.

बिलात जोडली जाणारी 'जादा' कलमं हा वेगळा त्रास. गर्भाशयाच्या अस्तराला आधी खरवडलं की भ्रूण रुजतं म्हणे. २०१९ साली १३६४ बायकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली: खरवडलेल्यांत जिवंत बाळ २६.१ टक्के, न खरवडलेल्यांत २६.१ टक्के. दशांशापर्यंत सारखं. तरी हे कलम दरपत्रकात दिसतंच. कुठलंही जादा कलम सांगितलं तर एकच विचारा, याने जिवंत बाळाचं प्रमाण वाढतं असं कुठल्या चाचणीत दिसलं? 'आमच्याकडे छान रिझल्ट आहेत' हे त्याचं उत्तर नव्हे.

देखरेखीचं काय? सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा आणि सरोगसी कायदा, दोन्ही २०२१ चे, २५ जानेवारी २०२२ पासून लागू. त्याआधी आयव्हीएफ केंद्र चालवायला खास असा कायदाच नव्हता, मार्गदर्शक सूचना होत्या. आता नोंदणी सक्तीची आहे, ती पाच वर्षांची असते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. ते नुसतं बघू नका, वाचा. पातळी १ म्हणजे फक्त आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं), आयव्हीएफला पातळी २ लागते. पातळी २ ला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, भ्रूणतज्ज्ञ आणि समुपदेशक हवेत. छोट्या केंद्रांत भ्रूणतज्ज्ञ बाहेरगावहून ठरावीक आठवड्यांत येतो आणि सगळ्यांच्या पाळ्या गोळ्यांनी एका तारखेला आणतात. यात बेकायदा काही नाही, पण पाचव्या दिवशी, रविवारी, चवथीच्या आठवड्यात लॅबमध्ये कोण असतं ते विचारून घ्या.

कायद्यात उपचारांसाठी वय बाईचं २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५. बीजदात्री २३ ते ३५ ची, आयुष्यात एकदाच, आणि जास्तीत जास्त सात बीजं. एका दात्याची बीजं वा वीर्य एकाच जोडप्याला. या सात बीजांवर वरची गळती लावा: पाच-सहा पक्व, चार फळलेली, दोन भ्रूणं. कुणी दात्रीच्या सायकलमधून सहा-सात भ्रूणांची खात्री देत असेल तर गणित कायद्यात बसत नाही. लिंगनिवड हा सरळ गुन्हा, पाच ते दहा वर्षं कैद किंवा १० ते २५ लाख दंड, किंवा दोन्ही. भ्रूणाची जनुकीय तपासणी ठरावीक आनुवंशिक आजारांसाठीच.

उपचारांची माहिती निकालासकट राष्ट्रीय नोंदवहीत जायला हवी, असं कायदा म्हणतो. तो तक्रार कक्ष ठेवायला लावतो, यशाची शक्यता, तोटे आणि खर्च आधी समजावायला लावतो, उपचार संपल्यावर काय केलं त्याचं प्रमाणपत्र द्यायला लावतो. ते प्रमाणपत्र मागा, पुढच्या केंद्रात तेच उपयोगी पडतं. तक्रार आधी केंद्राच्या कक्षात, मग राज्याच्या सक्षम प्राधिकरणाकडे, पैशाचा आणि हलगर्जीपणाचा मामला असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात. आपल्या उपचारांच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हव्यात, हा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला जुनाच नियम आहे. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या.

नोंदींचं मोल सांगायला कोलकात्याचं एकच उदाहरण पुरे. ३ ऑक्टोबर १९७८ ला, इंग्लंडमधल्या पहिल्या बाळानंतर सत्तरच दिवसांनी, डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून तिथे टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही, १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला, आणि ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये जन्मलेली मुलगी देशातली पहिली ठरली. ते श्रेय बदललं ते १९९७ मध्ये, केईएमच्या यशातल्याच डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी मुखर्जींच्या हातच्या नोंदी वाचल्या तेव्हा.

गोव्यात २०२३ मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) सरकारने मोफत आयव्हीएफ सुरू केलं, ही खरोखर मोठी गोष्ट. खाजगीत जाणाऱ्यांनी 'पॅकेज'मध्ये इंजेक्शनं, इक्सी, गोठवणं आणि वार्षिक साठवण धरली आहे का ते आधी पाहावं. बहुतेकदा इंजेक्शनं बाहेरच असतात.

दोन गोष्टी खास आपल्याकडच्या. नवरा तारवटी असेल, सहा-सहा महिने बोटीवर, तर निघण्यापूर्वी वीर्य गोठवून ठेवता येतं. पण नुसता नमुना ठेवून भागत नाही. संमती दोघांची, लेखी लागते, आणि भ्रूण आत सोडेपर्यंत ती कुणालाही मागे घेता येते. कुठल्या टप्प्यावर त्याची कुठली सही लागेल ते जहाज सुटण्याआधी विचारा, नाहीतर तो आखातात आणि फॉर्म टेबलावर. दुसरं, पोर्तुगीज पासपोर्ट काढून परदेशी जाणाऱ्यांचं. गोठवलेली भ्रूणं सामानासारखी नेता येत नाहीत. स्वतःच्या वापरासाठी बाहेर न्यायलाही राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते, आणि ठेवायची मुदत दहा वर्षं आहे. जाणं ठरलं असेल तर आधी इथलं ट्रान्सफर उरकायचं की परवानगीचा अर्ज करायचा, हे तिकिटाच्या आधी ठरवा.

ओळख पटवण्याचंही बघा. एका सकाळी लॅबमध्ये तीन नाईक आणि दोन गावडे असणं गोव्यात काही विशेष नाही. डबीवर नुसतं नाव नको, नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख हवी, आणि प्रत्येक टप्प्यावर दोन माणसांनी वाचून सही केलेली हवी. पिकअपच्या आधी तुमचं नाव तुम्हालाच सांगायला लावतात ते यासाठी. 'तुम्ही सुनीता ना?' असं विचारलं तर हो म्हणून थांबू नका, पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा.

बाळ झालं की नाही, हा शेवटचा रकाना बहुतेक केंद्रांच्या वहीत कोरा राहतो. ठोके दिसले की बाई आपल्या गावच्या डॉक्टरकडे जाते, सातव्या महिन्यात माहेरी, कुणी सावंतवाडीला, कुणी बेळगावला, आणि बाळंतपण तिथेच होतं. केंद्राला कळत नाही, मग ते गर्भधारणेलाच यश धरून मोकळं होतं. बाळ झालं की केंद्राच्या नंबरवर चार ओळी पाठवा: तारीख, किती आठवडे, वजन, एक की दोन, अतिदक्षता विभागात ठेवलं का. मध्येच गर्भ गेला असेल तर तेही, कितव्या आठवड्यात ते लिहून. त्या वेळी हे जड जातं, दोन महिन्यांनी पाठवलं तरी चालतं.